सांधा पुढे उघडायचा आहे का? लाकडाचे गोंद आणि त्यांचे पर्याय

मी जुनं फर्निचर दुरुस्त करते. खुर्च्या जास्त, त्याखालोखाल पेट्या आणि खण. लाकूडकामाला नुकताच हात घातलेले लोक मला पहिला प्रश्न विचारतात तो ठरलेला असतो: सगळ्यात मजबूत गोंद कुठला? मी त्यांना उलट विचारते, हा सांधा पुढे कधी उघडावा लागेल का?

ताकदीची काळजी करावी असं फारसं काही नसतं. दोन फळ्या कडेला कड लावून नीट चिकटवल्या, तर साधा पांढरा गोंदसुद्धा लाकडाला भारी पडतो. जोर लावून तोडायला गेलात तर गोंदाची रेघ शाबूत राहते आणि शेजारचं लाकूड फाटतं. लाकूडकामासाठी म्हणून विकले जाणारे बहुतेक गोंद इतकं करतातच. फरक पडतो तो इतर गोष्टींत. पाणी सोसणं, उन्हात मऊ न पडणं, सततच्या भाराखाली न सरकणं, फट भरणं, जुळवाजुळवीला वेळ देणं, आणि वेळ आली की सोडून देणं. हे सगळे गुण एकाच बाटलीत मिळत नाहीत. एका गोंदाऐवजी दुसरा वापरायचा झाला तर यांपैकी कुठला गुण त्या सांध्याला खरंच हवा आहे, तेवढं आधी ठरवा. मग पर्याय आपोआप दिसतो.

आधी लाकूड

गोंद बदलून जे साधत नाही ते रंधा मारून साधतं. लाकडाचा पृष्ठभाग ताजा असेल तेव्हाच गोंद चांगला शिरतो. महिनोन्‌महिने पडून राहिलेली फळी दिसायला स्वच्छ असली तरी तिच्या तोंडावर लाकडातले तेलकट अंश आलेले असतात. पाण्याचा एक थेंब टाकून बघा. तो पसरून आत मुरला तर ठीक. गोल मणी होऊन बसून राहिला तर रंधा फिरवा, नाहीतर पॉलिश पेपरने वरचा थर काढा, आणि त्याच दिवशी चिकटवा.

दुसरी गोष्ट म्हणजे तंतूंची दिशा. फळीची लांब कड दुसऱ्या लांब कडेला उत्तम धरते. फळीचं आडवं कापलेलं टोक मात्र गोंद पिऊन टाकतं, कारण तिथे तंतूंची तोंडं उघडी असतात. टोकाला टोक जोडून भार पेलणारा सांधा होत नाही, गोंद कितीही महाग असला तरी. म्हणूनच खुर्चीच्या पायात कुसू (एका लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ) आणि ती बसायला दुसऱ्या लाकडात खाच असते: दोन्हीकडच्या लांब तंतूंना एकमेकांना भिडायला जागा मिळावी म्हणून. टोक चिकटवायचंच असेल तर आधी गोंदाचा पातळ हात द्या, तो काही मिनिटं मुरू द्या, मग दुसरा हात देऊन जोडा. थोडा फायदा होतो, चमत्कार होत नाही.

तिसरी गोष्ट फट. पाण्यावर आधारलेले गोंद कागदाच्या जाडीएवढ्या फटीत काम करतात. त्याहून रुंद फट त्यांना भरता येत नाही, कारण पाणी उडून गेल्यावर ते आकसतात. गोंदात भुसा कालवून फट बुजवली तर ती फक्त दिसायची थांबते. तिथे लाकडाची पातळ चकती घालून बसणी नीट करावी, आणि ते शक्य नसेल तरच फट भरणाऱ्या गोंदाकडे वळावं.

पांढरा आणि पिवळा

पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, पीव्हीए. फ्रिट्झ क्लाटे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये हे रसायन शोधलं. बाटलीत त्याचे अगदी बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी लाकडात शिरतं, कण जवळ येतात आणि एकमेकांत मिसळून अखंड पापुद्रा होतो. ही मिसळण्याची क्रिया थंडीत होत नाही. सुमारे १० अंश सेल्सिअसच्या खाली गोंद वाळतो, पण खडूसारखा पांढरा आणि भुसभुशीत राहतो. वाळलेला ओघळ पारदर्शक दिसला पाहिजे. पांढरा दिसला तर तो सांधा कच्चा समजा. आणि हवा गरम असून भागत नाही. लाकूडही तेवढंच गरम हवं.

पिवळा गोंद त्याच कुळातला. तो लवकर पकड घेतो, थोडी जास्त उष्णता सोसतो आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने नीट घासला जातो. पांढरा गोंद घासताना मऊ पडून कागदावर चिकटतो. उलट पांढऱ्याला पकड घ्यायला वेळ लागतो, आणि दहा-बारा तुकडे एकदम जुळवायचे असतात तेव्हा तोच त्याचा गुण ठरतो. घरातल्या कोरड्या कामासाठी पिवळ्याच्या जागी पांढरा आणि पांढऱ्याच्या जागी पिवळा बिनदिक्कत वापरा. फक्त पिवळा लावलात तर हात चालवा: पाच-दहा मिनिटांत सांधा जागेवर बसलेला हवा.

क्लॅम्प, म्हणजे सांधा आवळून धरणारी पकड, लावताना लोक घाबरतात. 'सगळा गोंद बाहेर येईल' ही भीती पीव्हीएच्या बाबतीत बहुतेक वेळा अनाठायी असते. मऊ लाकडाला दर चौरस सेंटिमीटरला ७ ते १० किलो आणि कठीण लाकडाला १२ ते १७ किलो दाब लागतो. दोन सेंटिमीटर जाड आणि साठ सेंटिमीटर लांब कडेचा हिशोब केला तर मऊ लाकडालासुद्धा जवळपास एक टन होतो. दोन क्लॅम्प लावून हात झटकण्याऐवजी चार लावा आणि कडेला एक जाड पट्टी ठेवा, म्हणजे दाब पसरेल. अर्ध्या-एक तासाने क्लॅम्प काढता येतात, पण भार द्यायला चोवीस तास थांबा.

बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसू नका. पातळ होऊन तो लाकडाच्या छिद्रांत जातो आणि पॉलिश केल्यावर तिथे फिक्कट डाग उमटतो. अर्ध्या तासाने ओघळ रबरासारखा होतो, तेव्हा पटाशीने एका सलग पट्टीत निघून येतो. सागासारख्या, टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या लाकडावर लोखंडी क्लॅम्प ओल्या गोंदाला टेकला तर काळा डाग पडतो. मधे मेणकागदाचा तुकडा ठेवा. आणखी एक सबुरीची गोष्ट. चिकटवलेल्या फळ्या लगेच रंधून सपाट करू नयेत. गोंदातल्या पाण्याने सांध्याजवळचं लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा सपाट केलं तर पुढे लाकूड सुकून त्या रेषेवर बारीक खळगी पडते, आणि ती चकचकीत पॉलिशखाली हटकून दिसते.

पीव्हीएचा खरा दोष वेगळाच आहे. तो सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. पातळ पट्ट्या वाकवून, एकावर एक चिकटवून कमान केली असेल तर ती कमान महिन्यागणिक थोडी उघडत जाते. अशा कामाला ताठ बसणारा गोंद हवा, त्याबद्दल पुढे सांगते.

पाणी लागणार असेल तर

युरोपातल्या ईएन २०४ या मानकात अशा गोंदांचे चार दर्जे आहेत, डी१ ते डी४. बाटलीवर ते छापलेले असतात आणि 'वॉटरप्रूफ' या मोघम शब्दापेक्षा माझा त्यांच्यावर जास्त विश्वास आहे. डी१ कोरड्या घरात. डी२ क्वचित, थोडा वेळ ओलावा लागेल तिथे. डी३ वारंवार पाणी शिंपडलं जाणाऱ्या जागी किंवा बाहेर आडोशाला. डी४ बाहेर उघड्यावर, पण वरून रंग किंवा व्हार्निश असेल तर. सतत पाण्यात बुडालेल्या लाकडासाठी यांपैकी एकही नाही.

पॉलियुरेथेन गोंदाबद्दल मला फार सांगायचं नाही, कारण तो मी कमी वापरते. त्याला पक्कं व्हायला ओलावा लागतो, म्हणून एका बाजूच्या लाकडावर ओलसर फडकं फिरवायचं आणि दुसऱ्या बाजूला गोंद लावायचा. तो फेसाळून फुगतो. हा फेस फट भरल्यासारखा दिसतो, पण त्यात ताकद नसते, आणि क्लॅम्प घट्ट नसेल तर तोच सांधा ढकलून उघडतो. पाण्याला तो चांगला टिकतो. हातमोजे घाला. त्वचेवर वाळला की कशानेच निघत नाही, कातडीबरोबरच झिजतो.

सरस

आता माझ्या आवडीच्या गोंदाकडे. सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांतून काढलेलं कोलॅजन नावाचं प्रथिन. इजिप्तमधल्या थीब्जला रेखमिरेच्या थडग्यात सुतारांची भित्तिचित्रं आहेत. इसवी सनापूर्वीच्या पंधराव्या शतकातली. त्यांत विस्तवावर ठेवलेलं सरसाचं भांडं दिसतं. पीव्हीए येईपर्यंत जगातलं बरंचसं फर्निचर सरसावरच उभं होतं, आणि व्हायोलिन तर आजही सरसानेच जोडतात. व्हायोलिनची वरची फळी मुद्दाम पातळ केलेल्या सरसाने बसवतात. हवा कोरडी झाली, लाकूड आकसलं, तर फळी तडकण्याआधी सांधा सुटावा म्हणून. कारागीर मग तो सांधा पुन्हा चिकटवतो आणि वाद्य वाचतं. कमजोर गोंद मुद्दाम निवडण्याचं याहून चांगलं कारण मला ठाऊक नाही.

करायची रीत अशी. सरसाचे दाणे एक भाग, थंड पाणी दीड ते दोन भाग, वजनाने. दोन-तीन तास भिजू द्या. दाणे पाणी पिऊन फुगतात आणि थिजलेला गोळा होतो. हे भांडं गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवा आणि ६० अंशांच्या आसपास तापवा. थर्मामीटर वापरा, अंदाज नको. उकळलं तर कोलॅजनच्या साखळ्या तुटतात आणि ताकद जाते. आता ब्रश बुडवून वर उचला. धार अखंड, मधासारखी खाली यावी आणि शेवटी तुटून थेंब व्हावेत. गोळे पडत असतील तर चमचाभर गरम पाणी घाला. सुरुवातीपासूनच पाण्यासारखे थेंब टपकत असतील तर झाकण काढून थोडं आटू द्या.

लाकूड कोमट करून घ्या, कारण थंड लाकडावर सरस मिनिटभरात थिजतो. छोट्या फळ्यांना क्लॅम्पही लागत नाही. रंधलेल्या दोन कडांना गरम सरस लावा, एक कड दुसरीवर दाबून पुढेमागे घासा. सुरुवातीला ती सहज सरकते, जादा सरस बाहेर येतो, मग हाताला ओढ जाणवायला लागते आणि एका क्षणी फळी हलायचीच थांबते. तिथे हात काढा. थिजताना आणि वाळताना सरस आकसतो आणि दोन्ही कडांना आत ओढतो.

मला सरस हवा असतो तो दोन कारणांसाठी. एक, वाफ आणि गरम पाणी दिलं की सांधा उघडतो. दोन, नवा सरस जुन्या सरसाला विरघळवून त्याच्यात मिसळतो. जुन्या खुर्चीच्या खाचेतला सगळा सरस खरवडून काढावा लागत नाही. पीव्हीएचं तसं नाही: वाळलेल्या पीव्हीएवर नवा पीव्हीए धरत नाही. कुणीतरी घाईत पांढरा गोंद ओतलेली खुर्ची माझ्याकडे आली की प्रत्येक खाच उघड्या लाकडापर्यंत खरवडावी लागते, आणि खरवडताना बसणी सैल होते. दुरुस्तीची दुरुस्ती नेहमी अवघडच जाते. म्हणून खुर्चीच्या सांध्यात सरस घाला असं मी कळकळीने सांगते. तुमच्यानंतर ती उघडणारा कुणीतरी असणारच आहे.

तोटेही खरे आहेत. पाणी आणि दमट उष्णता सरसाला सोसत नाही. तयार केलेला सरस काही दिवसांत सडतो, फ्रिजमध्ये थोडा जास्त टिकतो. कोरडे दाणे मात्र वर्षानुवर्षं राहतात.

सरस मिळत नसेल तर स्वयंपाकासाठी मिळणारं बिनचवीचं जिलेटिन चालतं. 'चालतं' म्हणजे नाइलाजाने नव्हे, कारण तेही तेच कोलॅजन आहे, फक्त जास्त शुद्ध केलेलं. ते सहसा सुताराच्या सरसापेक्षा लवकर थिजतं, म्हणून पाणी थोडं जास्त घ्या आणि हात आणखी चपळ ठेवा. वेळ हवा असेल तर थोडा युरिया मिसळतात. त्याने थिजणं लांबतं. बाटलीतला थंड, पातळ सरसही साधारण याच युक्तीने केलेला असतो आणि नवशिक्यांना तो सोपा पडतो. त्याची तारीख मात्र बघा. कागदावर एक थेंब टाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो कडक झाला तर बाटली चांगली, चिकट राहिला तर फेका.

दुधातल्या केसीन प्रथिनापासून चुन्याच्या मदतीने केलेला गोंद हा सरसाचा जुना शेजारी. दमटपणा तो सरसापेक्षा बरा सोसतो, पण बुरशीला बळी पडतो. दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो या लाकडी विमानांत आधी केसीन वापरलं आणि दमट हवेत त्रास झाल्यावर युरिया फॉर्मल्डिहाइड आणलं. केसीन अल्कधर्मी असल्यामुळे टॅनिन असलेल्या लाकडावर डाग पाडतं आणि वाळल्यावर हत्यारांची धार खातं. हौस असेल तर करून बघावं. निव्वळ पर्याय म्हणून त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

इपॉक्सी

फट भरायची आहे, लाकूड तेलकट आहे, किंवा लाकडाला धातू जोडायचा आहे, तर इपॉक्सी. त्यातून पाणी उडून जात नाही, त्यामुळे ते आकसत नाही, आणि क्लॅम्पचा दाबही हलकाच हवा. इथे मात्र जास्त आवळलं तर सांधा खरोखर कोरडा पडतो.

इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर अशा दोन भागांत मिळतं. त्यांचं प्रमाण काटेकोर पाळा आणि ते आकारमानाने दिलंय की वजनाने, ते वाचा. दोन्ही द्रवांची घनता वेगळी असते, त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्याला लागू होत नाहीत. हार्डनर जास्त घालून ते लवकर वाळत नाही. उलट कायमचं मऊ राहतं. लवकर हवं असेल तर उष्णता द्या. मिसळलेलं इपॉक्सी कपात साठवून ठेवू नका: स्वतःच्याच उष्णतेने ते कपात भराभर तापतं, कधी धुरकटतं. उथळ ताटलीत पसरलंत तर जास्त वेळ हाताशी राहतं. सागावर लावण्याआधी ॲसिटोनने पुसा, ते उडू द्या आणि थोड्या वेळात चिकटवा, नाहीतर आतलं तेल पुन्हा वर येतं. फटीसाठी त्यात अगदी बारीक लाकडाचं पीठ कालवून दाट करता येतं. इथे पीठ उपयोगी पडतं, कारण धरून ठेवण्याचं काम इपॉक्सी करत असतं.

इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जन्मभर राहू शकते. नायट्राइलचे मोजे घाला. हाताला लागलं तर ॲसिटोनने पुसू नका, त्याने ते त्वचेत आणखी शिरतं. साबण आणि पाणी वापरा. आणि उन्हाचं लक्षात ठेवा. ऊन लागून इपॉक्सी खराब होतं, म्हणून बाहेरच्या कामावर व्हार्निशचा थर हवाच. घरी वाळवलेलं साधं इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. दुरुस्तीवाल्यांना तेवढाच काय तो आधार.

भुकटीचे गोंद

युरिया फॉर्मल्डिहाइड भुकटीच्या रूपात मिळतं, पाण्यात कालवून लावतात. वाळल्यावर ताठ, न सरकणारं. वाकवलेल्या पट्ट्यांच्या कमानीला हाच गोंद हवा, आणि नाही मिळाला तर पर्याय इपॉक्सी. पीव्हीए नव्हे. बरंचसं घरगुती प्लायवुड आणि एमडीएफ याच गोंदाचं असतं. फिनॉल फॉर्मल्डिहाइड उकळतं पाणी सोसतं, आणि पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडच्या कडेला दिसणाऱ्या काळसर रेघा त्याच्याच. रिसॉर्सिनॉलची रेघ जांभळट लाल असते. होड्या बांधणारे ते वापरत आले आहेत. फॉर्मल्डिहाइडला आयएआरसी या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. भुकटी कालवताना मास्क लावा आणि खिडक्या उघड्या ठेवा.

सुपरग्लू, कॉन्टॅक्ट, ग्लूगन

सुपरग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट. हॅरी कूव्हरच्या हाती ते १९४२ मध्ये पहिल्यांदा लागलं आणि बाजारात १९५८ मध्ये आलं. चिरेत पातळ सुपरग्लू सोडावं, निघालेली कपची जागेवर बसवावी, व्हिनिअरचा, म्हणजे वर डकवलेल्या लाकडाच्या पातळ थराचा, उचललेला कोपरा दाबावा. एवढ्यासाठी ते अप्रतिम आहे. सांध्यासाठी नाही: ते ठिसूळ असतं आणि धक्क्याने सुटतं. सुती कपड्यावर सांडू देऊ नका. सुताशी त्याची क्रिया इतकी जोरात होते की भाजतं.

माझी एक लाडकी युक्ती सांगते. पीव्हीए लावलेल्या सांध्यात दोन-तीन जागा मोकळ्या ठेवून तिथे सुपरग्लूचा थेंब टाकायचा. वेडावाकडा तुकडा जिथे क्लॅम्प बसत नाही, तिथे सुपरग्लू तो काही सेकंदांत धरून ठेवतं आणि खरा गोंद सावकाश वाळतो.

कॉन्टॅक्ट गोंद दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासा झाल्यावर जोडायचा. टेकला की संपलं, सरकवता येत नाही. लॅमिनेटच्या मोठ्या तावाला ठीक आहे. लाकडाला लाकूड जोडायला तो घेऊ नका, भाराखाली सरकतो. त्याची वाफ पेट घेते, म्हणून जवळपास ज्योत नको. ग्लूगनचा गोंद मी फक्त तात्पुरता ठोकळा धरायला वापरते.

घरात गोंदच नसेल तर

शाळेत कागदाला वापरतात तो पांढरा गोंद बहुधा पीव्हीएच असतो. घरातल्या, भार न येणाऱ्या वस्तूला तो पुरतो, वाळायला वेळ घेतो आणि थोडा लवचीक राहतो. बाटलीवर 'धुऊन निघतो' असं लिहिलेलं असेल तर मात्र ती लाकडाला लावू नका. दाट झालेला लाकडाचा गोंद थोड्या पाण्याने सैल होतो, पण पाणी वीस भागांत एका भागाहून जास्त नको. तार सुटत असेल किंवा गुठळ्या झाल्या असतील तर तो गेला.

खळ आणि डिंक कागदासाठी. नमुन्याचा कागद फळीवर डकवून करवत चालवायला खळ छान, कारण नंतर ओल्या फडक्याने निघून येते. सिलिकॉन कधीच नको. ते जिथे लागतं तिथे पॉलिश धरत नाही, आणि त्याचा अंश काढता काढता नाकी नऊ येतात.

मुद्दाम तात्पुरता सांधा हवा असेल तर दोन लाकडांच्या मधे एक कागद घालून दोन्हीकडून गोंद लावा. काम झालं की सांध्यात पटाशी ठेवून हलकेच ठोका, कागद मधोमध फाटतो.

आणि गोंदाशिवायही जोडता येतं. कुसवाला आडवी खुंटी मारताना कुसवातलं भोक खाचेच्या भोकापेक्षा मिलिमीटर-दीड मिलिमीटर खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथे सुरू होतं त्या पायरीकडे, सरकवून पाडा. खुंटीचं टोक निमुळतं करा. ती आत जाताना कुसू ओढून घेते आणि खांदा खाचेच्या तोंडाला घट्ट टेकतो. लाकूड कोरडं आणि खुंटी सरळ तंतूंची हवी, तिरप्या तंतूंची खुंटी ठोकतानाच मोडते. असे सांधे गोंदाविना पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले मी हाताळते.

निवड पक्की नसेल तर तोडून बघा

त्याच लाकडाच्या दोन चिपा त्याच गोंदाने चिकटवा, चोवीस तास ठेवा, मग पकडीत धरून तोडा आणि तुटलेला भाग खिडकीपाशी नेऊन बघा. दोन्ही बाजूंना फाटलेले तंतू दिसले तर गोंद पास. एका बाजूला चकचकीत, गुळगुळीत पापुद्रा आणि दुसऱ्या बाजूला कोरं लाकूड दिसलं तर गोंद आत शिरलेलाच नाही, तेव्हा लाकडाचं तोंड तपासा. दोन्हीकडे गोंद आहे पण मधून सुटलाय, तर जोडायला उशीर झाला किंवा दाब कमी पडला. माझ्याकडे अशा तुटक्या चिपांची पेटी आहे, प्रत्येकीवर गोंदाचं आणि लाकडाचं नाव लिहिलेलं. तेलकट लाकडाबद्दल बाटलीवर काय छापलंय यापेक्षा ती पेटी काय सांगते ते मी मानते.

जुन्या सांध्यात काय आहे

दुरुस्तीला बसण्याआधी आतला गोंद ओळखा. खाचेच्या कडेला पिवळट-तपकिरी, काचेसारखे कडक कण असतील तर बहुधा सरस. गरम पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा त्यावर पाच मिनिटं ठेवा. चिकट होऊन कातडीसारखा वास आला तर खात्रीच झाली. पांढरट होऊन रबरासारखा सुटायला लागला तर पीव्हीए. त्याला कोमट व्हिनेगर मऊ पाडतं, मग पटाशीने खरवडता येतं. पाण्याला आणि व्हिनेगरला दाद देत नाही, पण ॲसिटोनने मऊ होतं, ते सुपरग्लू. कशालाच दाद न देणारं आणि हीटगनने जरा नरमणारं बहुतेक इपॉक्सी असतं. त्याच्यावर पीव्हीए किंवा सरस लावून उपयोग नाही. लाकूड उघडं होईपर्यंत खरवडा, आणि खाच त्यामुळे सैल होणार असेल तर जुन्या थराला खरखरीत कागद मारून पुन्हा इपॉक्सीच भरा.

सरसाचा सांधा उघडताना आधी पाणी घालू नका. सिरिंजने थोडं अल्कोहोल सांध्यात सोडा. ते सरसातलं पाणी शोषून घेतं, सरस ठिसूळ होतो आणि रबरी हातोडीच्या दोन-चार हलक्या ठोक्यांनी कुसू सुटतं. पॉलिशवर अल्कोहोल ओघळू देऊ नका, लाखेचं पॉलिश त्यात विरघळतं. एवढ्याने सुटलं नाही तरच गरम पाणी आणि वाफ, आणि मग लाकूड पूर्ण सुकेपर्यंत, निदान दोन दिवस, सांधा उघडा ठेवा.